पोरांच्या अहवालाला उत्तर द्या

हिवाळा लागला की नागपुरात व्यापार-उद्योगाच्या परिषदांना बहर येतो. हॉटेलांचे हॉल महिनाभर आधीच बुक होतात, निमंत्रणपत्रिका येऊ लागतात, आणि अलीकडे जवळपास प्रत्येक पत्रिकेत एक सत्र तरुण पिढीवर असतं. जेन झीला काय हवं? नवा कर्मचारी का टिकत नाही? तरुण ग्राहक दुकानात कसा आणायचा? मग आमच्याकडे फोन येतो. ‘मॅडम, चार-पाच चुणचुणीत मुलं पाठवा ना, स्टेजवर बसवू. इंग्रजी तेवढं चांगलं पाहिजे.’

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना ऑन जॉब ट्रेनिंगसाठी, सगळे ज्याला ओजेटी म्हणतात त्यासाठी, दुकानांत आणि कारखान्यांत लावून देण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे मालक मुलांबद्दल काय बोलतात ते मला ऐकायला मिळतं आणि मुलं मालकांबद्दल काय बोलतात तेही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात ओजेटीला आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आले, तेव्हापासून इतवारीपासून बुटीबोरीपर्यंत आमची मुलं पसरलेली असतात.

मालकांना ही पिढी समजून घ्यायची आहे याबद्दल मला शंका नाही. ज्यांचा माल तरुणांनी घेतला नाही तर दुकान पुढे चालणार नाही, ज्यांच्या मशीनवर उभा राहायला माणूस मिळत नाही, त्यांना ती गरज आतून जाणवते. मुलांकडे सांगण्यासारखं आहे याबद्दलही शंका नाही. पण स्टेजवरच्या पाऊण तासात मुलं तेच बोलतात जे ऐकणाऱ्याला बरं वाटेल. आम्हाला वर्क-लाइफ बॅलन्स हवा, आम्हाला पर्पज हवा, फीडबॅक हवा. टाळ्या पडतात, तुळशीचं रोपटं आणि प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. मालक जसे आले तसे घरी जातात.

खरं कळायचं असेल तर मुलगा तुमच्या काउंटरवर किंवा शॉपफ्लोअरवर महिनाभर वावरला पाहिजे, त्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत, आणि शेवटी त्याने जे लिहून दिलं ते वाचून तुम्ही त्याला उत्तर दिलं पाहिजे. पहिली गोष्ट धोरणामुळे घडायला लागली आहे. दुसरी क्वचित घडते. तिसरी जवळजवळ घडतच नाही, आणि माझा सगळा आग्रह त्या तिसरीसाठी आहे.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं सांगते. मोठ्या कंपन्यांना लागणारे धातूचे सुटे भाग तिथे बनतात. मालक सज्जन, स्वतः मशीनवर काम करत वर आलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी तक्रार मांडली. ‘पोट्टे टिकूनच नाही राहिले, मॅडम. दोन महिने करतात, पगार घेतात अन् गायब. हातात मोबाइल पाहिजे, कष्ट नको. तुमच्या पोरीला म्हणा, शोधून काढ काय भानगड आहे ते.’

तिथे ओजेटीला गेलेली माझी विद्यार्थिनी कळमेश्वरची. तिला ऑफिसात हजेरीपटाचं काम दिलं होतं. हजेरीपट पाहता पाहता तिच्या लक्षात आलं की नोकरी सोडून गेलेली बहुतेक मुलं दुसऱ्या पाळीतली आहेत. तिने सुपरवायझरकडून त्यांचे नंबर घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन लावला. पहिले दोघे बोलायला तयार नव्हते, उरलेला पगार अडकेल या भीतीने. मग तिने सांगितलं, दादा, मी कंपनीची नाही, कॉलेजची आहे. तेव्हा बोलले.

ते जे बोलले ते तिने वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे, आणि ती वही मी पाहिली आहे. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. हिंगणा रोडवर लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आहे, पण त्या वेळी ती बंद झालेली असते. ‘आपली बस’ ही शहर बससेवाही मिळत नाही. वाडी किंवा जयताळ्यात राहणारा कसाबसा पोहोचतो, पण पारडीच्या किंवा कळमन्याच्या मुलाला शहराचं दुसरं टोक गाठायचं असतं. म्हणजे स्वतःची दुचाकी हवी. दुचाकीला कर्ज हवं. फायनान्सवाला पगाराची स्लिप मागतो. कंपनी पगाराचा काही भाग बँकेत देते, ओव्हरटाइम रोख देते आणि स्लिप कोणालाच देत नाही. स्लिप नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून पाळी झेपत नाही, पाळी झेपत नाही म्हणून नोकरी सुटते. मोबाइलचं नाव त्या वहीत एकदाच येतं, आणि तेही असं की घरी उशीर होतो हे आईला कळवायला पाळीत फोन वापरू देत नाहीत.

आणखी एक गोष्ट तिने लिहिली होती, आणि ती लिहिताना ती अडखळली होती हे अक्षरावरून दिसतं. सुपरवायझर नव्या मुलांना नावाने हाक मारत नाही. ‘ए पोट्ट्या’ म्हणतो. मालकांच्या वयाच्या माणसाला यात वावगं वाटणार नाही, आपल्याकडे घरातही असंच बोलतात. पण बारावी होऊन, आयटीआय करून, गावात पहिल्यांदा कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेल्या मुलाला ते लागतं. एकाने तिला सांगितलं, ‘ताई, पगार कमी होता त्याचं काही नाही, तिथं कोणाला माझं नाव माहीत नव्हतं.’

याच मुलीने आणखी एक शोध लावला, आणि तो मालकांच्या बाजूचा होता. त्या महिन्यात पगार दहा-बारा दिवस उशिरा झाला. कामगारांत कुजबुज होती की मालकाने पैसे दुसरीकडे गुंतवले. तिने येणे बाकीचं खातं पाहिलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल तीन महिन्यांहून जास्त काळ थकलेलं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असा कायदा २००६ पासून आहे. आम्ही तो वर्गात शिकवतो आणि मुलं परीक्षेत लिहितात. पण मोठ्या कंपनीवर तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल या भीतीने लहान मालक गप्प बसतो, हे तिला त्या खातेवहीत दिसलं. अहवालात तिने लिहिलं की पगार उशिरा का झाला हे कामगारांना सांगितलं असतं तर निम्मी कुजबुज थांबली असती. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने काढलेला हा निष्कर्ष मला कुठल्याही महागड्या सल्लागाराच्या सादरीकरणापेक्षा मोलाचा वाटतो.

अहवाल तीन पानांचा होता, स्वच्छ मराठीत. मालकांनी तो घेतला, ‘छान, छान’ म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. प्रमाणपत्रावर शिक्का मारून दिला. पुढे कितीतरी दिवस ती मुलगी मला विचारायची, ‘मॅडम, त्यांनी वाचलं असेल का हो?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यात दुर्लक्ष आहे तसा संकोचही आहे. मालकाला वाटतं, आपण उत्तर दिलं म्हणजे पोरीचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल, आणि मग ते करावं लागेल. तसं काही नाही, हे मला गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्यामुळे दिसलं.

गांधीबागेतली दुकानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, साडीच्या किंवा ड्रेस मटेरियलच्या चिठ्ठीवर किंमत लिहिलेली नसते, सांकेतिक अक्षरं असतात. खरेदी केवढ्याची आणि कुठवर उतरता येईल ते सेल्समनला त्या अक्षरांवरून कळतं, गिऱ्हाइकाला कळत नाही. माझा विद्यार्थी त्या व्यापाऱ्याच्या दुकानात गादीवर बसून मुलींचं येणं-जाणं पाहत होता. त्याने टिपलं ते असं. आईबरोबर आलेली मुलगी भाव विचारते, आई घासाघीस करते, माल जातो. मैत्रिणींबरोबर आलेल्या मुली कापडाला हात लावतात, चिठ्ठी उलटून पाहतात, अक्षरं वाचून एकमेकींकडे बघतात आणि भाव न विचारताच पुढे जातात. बाहेर पायरीवर उभ्या राहून फोनवर मीशो उघडतात, तशीच प्रिंट शोधतात. मुलगा एकदा त्यांच्या मागे बाहेर गेला आणि त्याने विचारलं, दीदी, भाव का नाही विचारला? उत्तर आलं, विचारला आणि परवडला नाही तर सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागतं. सेल्समन मग स्वस्तातला माल काढतो आणि तो कसा काढतो ते आम्हाला कळतं.

त्याने लिहिलं की निदान हजार रुपयांच्या आतल्या मालावर आकड्यात किंमत लावा. दुकानदार तिसऱ्या पिढीतले, मारवाडी, सत्तरीकडे झुकलेले. अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी स्वतःच्या हाताने हिंदीत उत्तर लिहिलं. त्याचा मथितार्थ असा की बेटा, माझा निम्म्याहून जास्त धंदा छिंदवाडा, बालाघाट, गोंदियाच्या किरकोळ दुकानदारांशी आहे. ते इथून नेऊन विकतात. मी दुकानात भाव लावला तर उद्या त्यांचं गिऱ्हाईक इथे येऊन तो वाचेल आणि त्यांना विचारेल. ज्यांनी तीस वर्षं माझा माल उचलला त्यांचं मी नुकसान करणार नाही. पण तू म्हणतोस ती लाज मी कधी पाहिली नव्हती. समोरच्या एका रॅकवर किंमत लावून बघतो.

मुलाने तो कागद लॅमिनेट करून घेतला आहे. त्याची सूचना पुरती मान्य झाली नाही, तरी त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. घाऊक आणि किरकोळ यांचा संबंध त्याने पुस्तकात वाचला होता. त्या संबंधात शब्द पाळण्याचा भाग किती असतो ते त्या पाठकोऱ्या कागदावरून कळलं. आणि दुकानदाराला मुलीच्या मनातली लाज कळली. दोघांनाही एकमेकांकडून असं काही मिळालं जे त्यांच्या स्वतःच्या पिढीतलं कोणी देऊ शकलं नसतं. मी ज्या उत्तराबद्दल बोलते आहे ते हे असं आहे. चार ओळी पुरतात, नकारही चालतो, पण नकाराला कारण हवं.

ज्येष्ठांनी तरुणांकडून शिकण्याची कल्पना उद्योगजगात नवी नाही. जनरल इलेक्ट्रिकचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९मध्ये कंपनीच्या वरच्या पाचशे अधिकाऱ्यांना फर्मावलं की प्रत्येकाने कंपनीतला एक तरुण गाठावा आणि त्याच्याकडून इंटरनेट शिकावं. वेल्च स्वतःही शिकायला बसले. इन्फोसिसमध्ये नारायण मूर्तींच्या काळात तिशीच्या आतल्या काही कर्मचाऱ्यांना वरिष्ठांच्या बैठकीत जागा देण्याचा प्रघात पडला. गुची या इटालियन कंपनीने २०१५च्या सुमारास तरुण कर्मचाऱ्यांचा एक गट नेमला, आणि वरिष्ठ समितीपुढचे विषय त्या गटापुढेही ठेवले जाऊ लागले. या तिन्ही ठिकाणी तरुण हे पगारी नोकर होते आणि साहेबाशी त्यांचं पुन्हापुन्हा बोलणं होत होतं. एकदा बोलावून प्रमाणपत्र देऊन वाटेला लावण्याचा मामला नव्हता.

महाविद्यालयातल्या मुलांचं तसं नाही. ती बाहेरची असतात. यात एक मोठा फायदा आहे. त्यांना बढतीची काळजी नसते, साहेबाच्या रागाची भीती नसते, म्हणून ती मोकळं लिहू शकतात. हिंगण्याच्या कारखान्यातल्या कुठल्याही कारकुनाने सोडून गेलेल्यांना फोन लावले नसते. पण बाहेरचं असण्याचा तोटाही तिथेच आहे. त्यांच्या म्हणण्याचा पाठपुरावा करायला आत कोणी नसतं. म्हणून मालकाने स्वतः वाचणं आणि स्वतः उत्तर देणं याला पर्याय नाही. ते काम एचआरकडे किंवा स्वतःच्या मुलाकडे सोपवलं की संपलं.

आता पैशाचं बोलते. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २०२४मध्ये उमेदवाराला महिना ५,००० रुपये ठरले. राज्याने २०२४मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले. या योजनांच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी असतील, पण शिकता शिकता केलेल्या कामालाही मोल असतं हे त्यात मान्य केलेलं आहे. ओजेटीला जाणाऱ्या आमच्या बहुतेक मुलांना मात्र एक रुपया मिळत नाही. मालक म्हणतात, आम्ही शिकवतो आहोत, आम्हीच फी घ्यायला हवी. शिकवता, हे खरं आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तुम्हाला या पिढीबद्दल काही जाणून घ्यायचं आहे म्हणून तुम्ही तिला कामाला लावलं असेल, तर ते काम आहे. तेच काम मुंबईच्या एखाद्या सल्लागार कंपनीने केलं असतं तर तुम्ही बिल चुकतं केलं असतं, वर जीएसटीही भरला असता.

उमरेडहून रोज येणारा मुलगा एसटीच्या पासवर येतो. पहाटे निघतो, दुपारपर्यंत वर्ग करतो, संध्याकाळी सक्करदऱ्यात मेडिकल स्टोअरवर उभा राहतो. ओजेटीसाठी त्याला ते संध्याकाळचं काम सोडावं लागतं. म्हणजे तुमचा व्यवसाय समजून घेण्यासाठी तो घरातली कमाई सोडून येतो. दिवसाला निदान प्रवासखर्च आणि जेवण एवढं तरी द्या. धरमपेठ, रामदासपेठेतल्या मुलांचं पैशावाचून अडत नाही, म्हणून फुकटच्या ओजेटीला, फुकटच्या परिषदांना तीच पोहोचतात. मग तुम्हाला तरुण पिढी म्हणून जी दिसते ती त्यांच्यापुरतीच असते. विदर्भाच्या बाजारपेठेत पैसे खर्च करणारी आणि कारखान्यांत काम मागायला येणारी पिढी मोठ्या संख्येने उमरेड, काटोल, कुही, मौद्याची आहे. तिचं इंग्रजी कच्चं आहे, पण तिला बोलायला येतं. करून राहिलो, जाऊन राहिलो अशा आपल्या भाषेत विचारा, तासभर बोलेल.

मुलांची बाजू घेते म्हणून त्यांच्या चुकांवर पांघरूण घालणार नाही. काही जण अहवालासाठी गुगल फॉर्म बनवतात, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, आणि तीस मैत्रिणींच्या उत्तरांवरून ‘आजच्या तरुणाईला असं वाटतं’ असं ठोकून देतात. तसा अहवाल मी परत करते. आपल्याला जे वाटतं ते आपल्या वयाच्या सगळ्यांना वाटतं, हा समज या वयात असतोच. तो दुकानाच्या गादीवर बसल्यावर, पाळीच्या भोंग्यानंतर गेटवर उभं राहिल्यावर जातो. मालकाने उलट प्रश्न विचारला की तर लगेच जातो. म्हणूनही उत्तर हवं. उत्तर मिळणार आहे, आपलं लिहिलेलं तपासलं जाणार आहे, हे माहीत असलेला मुलगा काळजीपूर्वक लिहितो. कोणी वाचणारच नाही हे माहीत असलेला मुलगा गुगल फॉर्म टाकतो.

माणसं टिकत नाहीत ही तक्रार नागपुरात फार जुनी आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली तेव्हा गैरहजेरीने व्यवस्थापन हैराण होतं. शेतीच्या दिवसांत, सणावाराला कामगार येतच नसत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दंड करून, कामावरून काढून प्रश्न सोडवता आला असता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दुसरा मार्ग धरला. बेझनजी कापडधंद्यातले नव्हतेच, रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. १८८६मध्ये मिलमध्ये पेन्शन फंड सुरू झाला, १८९५पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळ आणि बक्षिसं असत. कामगाराला न येण्याची कारणं आहेत आणि ती शोधली पाहिजेत, हे ते धरून चालले. पेन्शन, भरपाई या गोष्टी सरकारने कायद्याने मागायला अजून कितीतरी वर्षं होती.

ती मिल २००२मध्ये बंद झाली. जिथे सूत निघायचं तिथे आता एम्प्रेस मॉल आहे, आणि आमची मुलं तिथे सिनेमाला जातात. तेव्हा मालकाने आपणहून दिलं, तसं काही आता कायदा मागतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं. हिंगण्याच्या कारखान्यातल्या त्या मुलीने हे आधीच सुचवलं होतं. तिच्या अहवालाच्या तिसऱ्या पानावर पहिलीच सूचना आहे, नेमणुकीचा कागद आणि पगाराची स्लिप द्या. ती तेव्हाच मानली असती तर कायद्याची वाट पाहावी लागली नसती.

कामठीचे राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचीही आठवण इथल्या उद्योजकांनी ठेवावी. मँगनीजच्या खाणींतून त्यांनी पैसा कमावला, आणि १९३०मध्ये गेले तेव्हा सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवून गेले, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. त्यातून १९४२मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. २०२३मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठ झाली. आज तेवढी देणगी द्या असं मी कोणाला म्हणत नाही. पण खाणीत राबणाऱ्या पिढीच्या पुढची पिढी कोणतं काम करेल याचा विचार या भागातल्या एका व्यापाऱ्याने तेव्हा केला होता. तरुणांकडे ग्राहक किंवा मजूर म्हणून पाहण्याआधी त्याने त्यांच्याकडे उद्याचे जाणकार म्हणून पाहिलं.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहिते आहे कारण माझे विद्यार्थी जात आहेत. रविवारी संध्याकाळी रवीनगर चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभी असलेली मुलं पाहा. ट्रॉली बॅग, पाठीवर लॅपटॉप, पिशवीत घरच्या चिवड्याचा डबा. हिंजवडीत, बाणेरमध्ये एका खोलीत चौघे राहतात, आणि पगाराचा मोठा भाग तिथल्या भाड्यात जातो. त्यांतल्या कित्येकांना इथेच राहायचं होतं. आयआयएम आहे, व्हीएनआयटी आहे, मिहान आहे, मेट्रो आहे, समृद्धी महामार्ग आहे. मी त्यांना विचारते, मग का जाता? पगार हे एक उत्तर असतं. दुसरं उत्तर मी एका मुलाच्या शब्दांत देते. हा मुलगा बुटीबोरीत ट्रेनिंग करून आला होता. ‘मॅडम, तिथं मी महिनाभर होतो, कोणी मला काही विचारलं नाही. पुण्यात मुलाखतीतच विचारलं, आमच्या अॅपमध्ये तुला काय खटकतं?’ पुण्यात सगळं आलबेल असतं असं मुळीच नाही. पण एका प्रश्नाने तो मुलगा गेला, हे मी पाहिलं आहे.

इथल्या संघटना ठरवतील तर हे सहज होईल. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आहे, हिंगणा आणि बुटीबोरीच्या उद्योजकांच्या आपापल्या संघटना आहेत. २०२४पासून ‘अॅडव्हांटेज विदर्भ’ हा औद्योगिक महोत्सव भरतो. तिथे मोठ्या गुंतवणुकीच्या घोषणा होतात, त्या व्हायलाच हव्यात. त्याच मांडवात एक दालन मुलांच्या अहवालांसाठी ठेवा. भिंतीवर एका बाजूला मुलाने काय लिहिलं, शेजारी मालकाने काय उत्तर दिलं. कारखान्याचं नाव झाका हवं तर. हिंगण्याच्या मालकाने बुटीबोरीच्या मालकाचं उत्तर वाचावं, सावनेरच्या मुलाने उमरेडच्या मुलाचा प्रश्न वाचावा.

या सत्रात मी ओजेटीच्या पत्रात एक अट घातली आहे. मुलगा अहवालाची एक प्रत मालकाला देईल, आणि अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने त्याला किमान अर्ध्या पानाचं लेखी उत्तर द्यावं. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल. टाइप केलेलं नको असेल तर हाताने लिहा. मान्य नसेल तर तसं लिहा, फक्त का ते लिहा. ते उत्तर मुलाच्या फाइलीला जोडलं जाईल आणि तोंडी परीक्षेत त्यावर त्याला प्रश्न विचारले जातील. काही दुकानदारांनी आणि कारखानदारांनी पत्रावर सही करून ते परत पाठवलं आहे. काहींनी फोन करून विचारलं, ही अट काढता येईल का? त्यांना मी नाही म्हटलं आहे, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या मुलांसाठी दुसरी जागा शोधते आहे. ज्यांना मुलं हवी आहेत त्यांनी महाविद्यालयात येऊन सही करावी. स्टेजवर बसवायला चार-पाच चुणचुणीत मुलं मात्र यंदा मी पाठवणार नाही.